थ्रेड : खानदेशातला बंब तापेनासा का होई?

जळगाव-धुळ्याच्या जुन्या वाड्यांतील मोरीत तांब्याचा एक उभा बंब असे. पहाटे तो पेटवावा, जाळ धडधडावा, आणि तरीही तोटीतून कोमटच पाणी यावे, हा अनुभव अनेक घरांना होता. जळण दुप्पट लागे. ते जमवण्याचे आणि पहाटे उठून पेटवण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रियांच्याच वाट्याला येई. पाणी तापेना याचा पहिला भार त्यांच्यावर पडे.

‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप यावरून आला असे मानले जाते. आग विझवणारा बंब आणि पाणी तापवणारा बंब यांचे नाव एकच असावे, ही भाषेची गंमत.

बंबाची रचना साधी, पण हुशारीची. मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ, नळीभोवती पाणी. खालच्या जाळीतून हवा शिरते, गरम धूर वर जातो आणि जाळाला ओढ मिळते. चुलीवरच्या हंड्याला आच मुख्यतः तळाला लागते; येथे पाणीच आगीला वेढून बसते. रशियन समोवारचे तत्त्वही हेच. कापसाच्या या प्रदेशात वेचणी संपली की पऱ्हाट्यांचे ढीग शेतात उरत. त्या चटकन पेटतात आणि नळीत सहज मावतात.

मग बिघाड कुठे? धूर उलटा मोरीत येऊ लागला, तर जाळी राखेने बुजलेली किंवा नळी काजळीने भरलेली. हा दोष काठीने निघतो. जाळ चांगला आणि पाणी मात्र गार, तर गुन्हेगार आतल्या बाजूला बसलेला असतो : चुना.

खानदेशात अनेक विहिरींचे पाणी जड. जमिनीतून झिरपताना ते चुन्याचे क्षार विरघळवून आणते. पाणी तापले की त्यांतला काही भाग घट्ट होऊन तांब्याला चिकटतो. हा पांढरा थर उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही. आग नळी तापवते, पाणी मात्र मागे राहते. तोटी बारीक होते ती वेगळीच. चिंचेचे आंबट पाणी भरून ठेवले की थर सुटू लागतो, कारण चिंचेतील आम्ल चुना विरघळवते. हट्टी थराला मात्र तांबटाचेच दार.

या चुन्याची ओळख घरापुरती नव्हती. १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली. पाण्यातील क्षार बसतात म्हणून वाफेच्या इंजिनांचे बॉयलर ठरावीक काळाने थंड करून आतून धुवावे लागत. एका घरातला बंब आणि लोहमार्गावरचे इंजिन, दोघांचे दुखणे एकच!

आणखी मागे गेले तर बऱ्हाणपूर. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात ती खानदेशची राजधानी होती. मोगलांनी तेथे शाही किल्ल्यात रंगवलेल्या छताचा हमाम उभारला. अशा हमामांत भट्टीवर तापलेले पाणी मातीच्या नळांतून खेळवले जाई. त्याच शहरासाठी १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात कुंडी भंडारा हे भुयारी जलवाहन झाले. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी केवळ उतारावर शहरात येई. त्या भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे जाड थर चढले आहेत. येथे आगीचीही गरज पडली नाही. पाण्यातील वायू हवेत निसटला की चुना भिंतीवर उतरतो.

१८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉनने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले व त्याला ‘गीझर’ म्हटले. हे नाव आइसलँडमधील उष्ण कारंज्याचे. पुढे विजेचे गीझर आले, बंब माळ्यावर गेले. चुना मात्र मोरीतच राहिला, आता गीझरच्या कॉइलवर.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवचा झरा आहे. तिथे गोमुखातून आपोआप गरम पाणी पडते. पऱ्हाट्या लागत नाहीत, वीज लागत नाही.