खोटी सावली : क्ष-किरणांच्या फिल्मचा इतिहास आणि कामगाराचे आयुष्य



क्ष-किरणांच्या विषयावर कामगार संघटनेतल्या माणसाने व्याख्यान द्यावे याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. ते साहजिकच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे आणि आमची शाळा अर्ध्यावरच सुटली. परंतु भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात ज्याचे आयुष्य गेले, त्याला छातीच्या फोटोशी ओळख करून घ्यावीच लागते. येथे खोकला घरोघरी आहे, आणि खोकल्यामागोमाग फोटो येतो. त्या फोटोवर माणसाची भाकरी अवलंबून असते, हे आम्ही एका प्रसंगातून शिकलो.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कांड्या भरणारी एक बाई खोकल्याने बेजार झाली होती. तिचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याशी डाग दिसला. क्षय म्हणून शिक्का बसला. दुसऱ्याच दिवशी तिचे काम दुसरीला मिळाले, शेजारणींनी तिचा पेला वेगळा ठेवला. दोन महिन्यांनी आम्ही तिला एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, "ताई, फोटोच्या वेळी वेणी कुठे होती?" वेणी खांद्यावरून पुढे आलेली होती. ती डोक्यावर बांधून दुसरा फोटो काढला. डाग नाहीसा झाला. थुंकीच्या तपासणीतही काही निघाले नाही. बाई निरोगी ठरली, पण गेलेले काम परत आले नाही.

तेव्हापासून या खोट्या सावल्यांचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचून काढला. तो आज आपल्यापुढे मांडतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटगेन यांना हे किरण गवसले. दोन वर्षांच्या आत ते हिंदुस्थानच्या सरहद्दीवर पोहोचले. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या या किरणांनी शोधल्या. ज्या शास्त्राने जगात पहिल्याप्रथम राँटगेन यांच्या पत्नीचा हात दाखवला, ते आमच्याकडे बंदुकीच्या मागोमाग आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या काळी चित्र काचेवर उमटे. काच जड आणि फुटकी. पहिल्या महायुद्धात बेल्जमची काच मिळेनाशी झाली, तेव्हा फिल्मला दिवस आले आणि १९१८ साली दोन्ही अंगांनी लेप दिलेली फिल्म बाजारात आली. ही फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ दारूगोळाच. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयाच्या तळघरात साठवलेल्या फिल्म्स पेटल्या आणि विषारी वायूने १२३ माणसे मेली. त्यानंतर सुरक्षित फिल्मचा आग्रह सर्वत्र वाढला. माणसे मेल्यावाचून सुधारणा होत नाही, हा कारखान्यांचा नियम तेथेही चुकला नाही.

आता सावल्या खोट्या कशा होतात ते पाहू. पहिली जात रोग्याच्या अंगावरची : वेणी, तावीज, गळ्यातली माळ, धातूचे बटण. दुसरी जात फोटो घेतानाची : रोग्याने श्वास रोखला नाही, तर चित्र पुसट येते, विजेचा दाब कमी पडला, तर फिल्म फिकी येते. भिवंडीकरांस विजेचे लहरीपण सांगायला नको. तिसरी जात मात्र अंधारखोलीतली, आणि सर्वांत अधिक घोटाळे तेथेच होतात.

फिल्म ही फार लाजाळू वस्तू आहे. हाताळताना ती दुमडली की नखाच्या आकाराची चंद्रकोर उमटते. फोटो काढण्यापूर्वी दुमडली असेल तर कोर बहुधा फिकी, नंतर दुमडली असेल तर काळी. कोरड्या थंडीत फिल्म झटक्याने ओढली तर स्थिर विजेची ठिणगी उडून झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी येते. पॉलिस्टरच्या धाग्याला थंडीत वीज चढते आणि तो बोटाला चिकटतो, हे आमच्या मागवाल्यांना ठाऊक आहे. हा त्याचाच भाऊ. ओल्या हाताचा डेव्हलपर आधीच फिल्मला लागला तर काळा ठिपका, फिक्सर लागला तर पांढरा. लाल दिव्याची काच तडकलेली असेल किंवा पेटीच्या फटीतून उजेड शिरला तर सगळ्या फिल्मवर धुके पसरते. धुके हे तर डागाहून घातक, कारण डाग निरोग्याला रोगी ठरवतो, आणि धुके खऱ्या रोगाला झाकून ठेवते. धुण्यात कसूर झाली तर महिन्यांनी फिल्म तपकिरी पडते आणि जुना पुरावा नष्ट होतो.

यावरचा उपाय विणकराला चटकन समजेल. कापडात दोष एकाच जागी पुन्हापुन्हा आला की आपण मागाकडे बघतो. एकदाच आला तर हाताकडे. फिल्मचेही तसेच. प्रत्येक पेटीला क्रमांक द्यावा. एकाच क्रमांकाच्या पेटीतून निघालेल्या फिल्म्सवर त्याच जागी पांढरा ठिपका दिसला, तर पेटीतल्या पडद्यावर धूळ किंवा कापसाचा तंतू बसला आहे असे समजावे आणि पडदा साफ करावा. डेव्हलपर २० अंशांवर सुमारे पाच मिनिटे, हा पुस्तकातला हिशेब. आमच्या वैशाखात नळाचे पाणीच त्याहून गरम. तेव्हा टाकीच्या बाहेरून बर्फ लावावा. आत टाकला तर औषध पातळ होते. हात कोरडे, टेबल कोरडे, ओल्याची बाजू वेगळी, सुक्याची वेगळी.

पण हे करायचे कोणी? अंधारखोलीतल्या त्या मदतनीसाने, जो वारा नसलेल्या खोलीत औषधाच्या वाफेत दिवसभर उभा असतो. त्याला दुपटीचे काम द्यायचे, थकलेला डेव्हलपर पैसे वाचवण्यासाठी आणखी आठवडाभर वापरायला लावायचा, आणि डाग आला की त्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवायचे! म्हणून आम्ही म्हणतो की खोटी सावली हा निम्मा रसायनाचा आणि निम्मा मजुरीचा प्रश्न आहे.

फिल्मवरच्या डागांनी एकदा जगाचे मोठे गुपितही फोडले. १९४५ साली कोडक कंपनीच्या क्ष-किरण फिल्मवर काळे ठिपके येऊ लागले. ज्युलियन वेब या त्यांच्या शास्त्रज्ञाने माग काढला, तो वेष्टणाच्या पुठ्ठ्यापर्यंत गेला. तो पुठ्ठा इंडियाना राज्यात नदीच्या पाण्याने बनवलेला होता, आणि १६ जुलैला न्यू मेक्सिकोत फुटलेल्या पहिल्या अणुबाँबची राख हजार मैलांहून अधिक दूर त्या पाण्यात उतरली होती. पुढे १९५१ मध्ये नेवाडातल्या चाचण्यांनंतर कंपनीने तक्रार केली, तेव्हा अमेरिकन अणुशक्ती आयोगाने फिल्म कारखानदारांना चाचण्यांची आगाऊ सूचना देण्याचे कबूल केले. त्याच राखेखाली चरणाऱ्या गाईंचे दूध पिणाऱ्या मुलांच्या आईबापांना मात्र तशी सूचना नव्हती. फिल्मला मालक होता. मुलांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची 'इंदू' फिल्म देशाच्या दवाखान्यांत गेली. आज तो कारखाना बंद आहे, आणि फिल्मची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. अंधारखोली गेली, तिचे डाग गेले. परंतु वेणी आणि तावीज अजून आहेत, हललेला श्वास आहे, आणि नव्या यंत्राच्या पाटीवर धूळही बसते. शिवाय कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा दम्यासारखा आजार फोटोत स्वतःची खूण सहसा दाखवीत नाही. तेव्हा डाग दिसला म्हणजे रोग आहेच असे नाही, आणि फोटो स्वच्छ म्हणजे कामगार धडधाकट असेही नाही.

म्हणून आपल्या बंधुभगिनींना आमचे इतकेच सांगणे. फोटोला जाताना गळ्यातले काढा, वेणी वर बांधा, सांगितल्यावर श्वास रोखा. जुनी फिल्म जपून ठेवा; तुलनेला तिच्यासारखा साक्षीदार नाही. डाग दिसला तर दुसरा फोटो आणि थुंकीची तपासणी मागा. रोग खरा निघाला तर औषध पूर्ण घ्या. लाजण्याचे कारण नाही. आणि संघटनेने एवढे पाहावे, की तपासणी पुरी होईपर्यंत कोणाचेही काम दुसऱ्याला दिले जाणार नाही. त्या बाईच्या वेळी ही मागणी करण्याचे आम्हांला सुचले नाही. ती चूक आमची होती, आणि आज आपल्यापुढे उभे राहण्याचे खरे कारणही तेच आहे.