केल्पच्या रानाचा राखणदार

नोव्हेंबर 1741. कामचाटकाच्या पूर्वेला एका निर्मनुष्य बेटावर दर्यावर्दी विटस बेअरिंगचं जहाज येऊन आदळलंय. स्कर्व्हीने खलाशी एकामागून एक मरताहेत. तुम्ही मात्र पाण्यात उतरा. बर्फगार आहे, पण उतराच.

चहूकडे केल्प या समुद्री शेवाळाचं तपकिरी रान. केल्पला मुळं नसतात. बुडाशी एक पंजा असतो, तोच खडक धरून ठेवतो. खडकांच्या फटींत समुद्री अर्चिन दबून बसलेत, काटेरी चेंडूंसारखे. वाहत आलेल्या केल्पच्या तुकड्यांवर त्यांचं भागतं. बाहेर पडायची सोय नाही, कारण वर अर्चिन खाणारं समुद्री पाणमांजर आहे. त्याच्या अंगावर चरबीचा थर नाही. ऊब टिकवायला रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा खावं लागतं. बाकीचं काम दाट केसांचं, चौरस सेंटिमीटरला लाखाच्या वर.

घात केला तो या केसांनीच. वाचलेले खलाशी पुढच्या वर्षी शेकडो कातडी घेऊन परततात, चिनी व्यापारी मोठी किंमत मोजतात आणि शिकाऱ्यांची रीघ लागते. 1911 साली चार देशांच्या करारात शिकारबंदी होते, तेव्हा पॅसिफिकभर जेमतेम हजार-दोन हजार पाणमांजरं उरली आहेत.

आता 1972. अलास्काच्या अल्यूशियन साखळीतलं शेम्या बेट. इथे पाणमांजरं परतलेली नाहीत. डोकं पाण्याखाली घाला: तळभर हिरवट अर्चिन, उघडा पडलेला खडक. फटींतून बाहेर आलेल्या अर्चिननी केल्पचा पंजाच कुरतडला. पंजा सुटला की अख्खं झाड वाहून जातं. त्याच साखळीतल्या आम्चिटकाला या, जिथे पाणमांजरं पुन्हा वाढली आहेत. रान जसंच्या तसं! जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो हे संशोधक हा फरक 1974 साली मांडतील. (1971 साली अमेरिकेने आम्चिटकाच्या पोटात सुमारे 5 मेगाटनांचा अणुस्फोट केलाय. त्यात पाणमांजरंही मेली. माणसाचं काय सांगावं!)

अर्चिनना खलनायक ठरवू नका. हातोडा घेऊन ते फोडणारे पाणबुडे पुढे अनेक किनाऱ्यांवर दिसतील, पण पाणमांजराइतकं स्वस्त आणि अखंड काम त्यांना जमायचं नाही.

शेवटचा मुक्काम, 2000. अल्यूशियनमधली पाणमांजरं आठ वर्षांत सुमारे 70 टक्क्यांनी घटलीत. संशय ऑर्का देवमाशांवर आहे, आणि 1911च्या कराराशी त्यांना काही देणंघेणं नाही.