मॅटाडोर: मालाची गाडी घरची कशी झाली

मागच्या आठवड्यातल्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी. बोलण्याच्या ओघातली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी आहे तसंच.

आजचा विषय आमच्या घरातूनच आला. दिवाळीत आजी म्हणाली, "एकदा सगळे मिळून गणपतीपुळ्याला जाऊ. पण एकाच गाडीतून." आम्ही चौदा माणसं, घरात कार तीन. मग एकच गाडी कशाला? तर आजीच्या डोक्यात होती थोरल्या काकांची मॅटाडोर.

आधी ही गाडी आली कुठून ते बघू. जर्मनीत हँबर्ग शहरातच हारबुर्ग नावाचा भाग आहे. तिथल्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं नाव होतं 'टेम्पो'. १९४९ मध्ये त्यांनी मॅटाडोर नावाची छोटी मालगाडी काढली. सुरुवातीला इंजिन फोक्सवॅगनचं होतं. मग फोक्सवॅगनने स्वतःचीच व्हॅन बाजारात आणली आणि यांना इंजिन देणं बंद केलं! टेम्पोवाल्यांनी दुसरी इंजिनं शोधली, पण गाडीची रचना सोडली नाही. ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे मागपर्यंत जाणारा दांडा नाही आणि गाडीचा तळ जमिनीलगत. माल चढवायला सोपं. पुढे आमच्या आजीला चढायलाही सोपं पडलं, पण ते त्या जर्मन इंजिनिअरांच्या डोक्यात नक्कीच नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. नवलमल फिरोदिया हे नगरचे, स्वातंत्र्यलढ्यातले. १९५८ मध्ये त्यांनी बजाज टेम्पो कंपनी सुरू केली आणि विडालशी सहकार्य करून तीनचाकी हॅन्सीट बनवायला घेतली, आधी मुंबईत गोरेगावला. ती इतकी पसरली की 'टेम्पो' हे कुणा एका कंपनीचं नाव राहिलंच नाही. आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी असो, आपण "टेम्पो बोलावलाय" असंच म्हणतो. पुढे आकुर्डीला कारखाना झाला आणि १९६९ मध्ये मॅटाडोर आली. तिकडे जर्मनीत मूळ कंपनी मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली, १९७७ मध्ये ती गाडीही थांबली. आपल्याकडे मात्र ती पुढे कित्येक वर्षं धावत होती.

त्या काळात कार म्हणजे मुख्यतः फियाट नाहीतर अँबॅसडर. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. आणि मिळाली तरी दहा-बारा माणसांचं घर तिच्यात बसणार कसं? म्हणून जी गाडी धंद्यासाठी घेतलेली असायची, तीच लग्नाला, जत्रेला, देवाला जायची.

काकांनी १९८६ मध्ये सेकंड हँड मॅटाडोर घेतली. आठवडाभर मार्केट यार्डातून कांद्या-बटाट्याची पोती. निघायच्या आदल्या रात्री गाडी आतून धुवायची, वर सतरंजी आणि गाद्या. तरी कांद्याचा वास जायचा नाही, असं आत्या सांगते. मालाच्या गाडीत माणसं बसवणं तेव्हाही नियमात नव्हतंच, आणि मी आज ते कुणाला सुचवणार नाही. पण तेव्हा हे सर्रास चालायचं.

घरात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट कशेडी घाटातली. मे महिना, भर दुपार, गाडीत अकरा माणसं. चढावर रेडिएटरचा रबरी पाइप फुटला. दोष आमचाच, पाइप कधीचा कडक झाला होता आणि बदलायचा राहिला होता. काकांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पाइपाला गच्च गुंडाळली. प्रेशर वाढू नये म्हणून रेडिएटरचं झाकण सैल ठेवलं. एका ट्रकवाल्याने कॅनमधलं पाणी दिलं. बाबा तेव्हा कॉलेजात होते. दर दोन-तीन वळणांनी उतरून पाणी ओतायचं काम त्यांच्याकडे. आजीने मात्र रस्त्याकडेला सावली बघून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली होती.

१९९८ मध्ये वाटण्या झाल्या. मी तेव्हा एक वर्षाचा. मॅटाडोर काकांकडे गेली, आणि कसल्यातरी हिशोबावरून बाबा आणि काका यांचं बोलणं जेवढ्यास तेवढं उरलं. मी तिच्यात बसलो तो फक्त ती अंगणात उभी असताना. नंतर ती भंगारात गेली.

मारुती १९८३ मध्येच आली होती. आमच्याकडे वाटण्यांनंतर आली. चार-पाच माणसांची गाडी, चार माणसांचं घर. आता गाडीने घर फोडलं असं मी म्हणणार नाही. फ्लॅट, बदलीच्या नोकऱ्या, पैसा, ही कारणं मोठी आहेत. पण कुठल्याही काळात 'घरचे' म्हणजे किती माणसं, हे कळायला त्या काळातल्या गाडीच्या सीटा मोजून बघा. अंदाज फारसा चुकत नाही.

तर शेवटी आम्ही ट्रॅव्हलर भाड्याने घेतली. गंमत म्हणजे ती त्याच कंपनीची. १९८७ मध्ये आलेली, आणि २००५ पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स. ताम्हिणीतून उतरलो, महाड, पोलादपूर. कशेडीला आता बोगदा झालाय, ड्रायव्हर सरळ तिकडे निघाला होता. काका म्हणाले, "जुन्या घाटाने घ्या."

वर एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. "इथेच." बाबा खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं. "नाही दादा, ते वळण अजून पुढे. तिथे डाव्या हाताला सावली होती."

"तुला काय आठवतंय? तू तर पाणी आणायला पळत होतास."

"म्हणून तर आठवतंय."

दहा-पंधरा मिनिटं दोघं वाद घालत होते. नक्की जागा सापडली नाहीच. आजी खिडकीतून बघत होती, मग म्हणाली, "उभेच आहात तर खाऊन घ्या." आणि डबा उघडला.

तुमच्या घरच्या अशा गाडीबद्दल नक्की लिहा. कोण कुठे बसायचं, तेही सांगा. भेटू पुढच्या भागात.