आधी अक्षांश की आधी रेखांश?

आपले केज सुमारे १८.७ उत्तर अक्षांशावर व ७६ पूर्व रेखांशावर वसलेले आहे. हेच आकडे उलट क्रमाने वाचा. गाव थेट स्पिट्सबर्गेनच्या दक्षिणेकडील बर्फाळ समुद्रात जाऊन पडेल!

लॅम्बटनने १८०२ साली मद्रासेस त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली व १८२३ मध्ये हिंगणघाटास देह ठेवला. अशा मोजणीतून गावोगावचे अक्षांश-रेखांश निश्चित झाले. ते सांगताना आधी अक्षांश, असा भूगोलाचा प्रघात. देकार्तने १६३७ मध्ये भूमितीला बीजगणिताची जोड दिली. त्या परंपरेतील आलेखात मात्र आडवे अंतर आधी येते. उपग्रहचित्रातील ठिपका शोधताना संगणक बहुधा आधी ओळ, मग स्तंभ घेतो. आणि ओळी वरून खाली मोजतो.

तिन्ही रीती बरोबरच. घोटाळा होतो तो एकीचे आकडे दुसरीत घातल्याने. पीकपाहणीत असे झाले, तर एकाच्या करपलेल्या शेताऐवजी दुसऱ्याचे हिरवे शिवार पाहिले जाईल, आणि यंत्र हूं की चूं करणार नाही. सात त्रिक आणि तीन साते पाढ्यात एकच, पत्त्यात नव्हे. म्हणून आकड्याआधी त्याचा क्रम विचारावा.