पिशोरच्या विहिरी आणि उशिरा आलेला कायदा

कन्नड तालुक्यातल्या पिशोरला अंजना नदी जवळ आणि अजिंठ्याचे डोंगर शेजारी, तरी पंचक्रोशीतल्या शेतीची मोठी भिस्त विहिरीवरच. मराठवाड्यात इंजिन येण्याआधी या विहिरींवर मोट चाले. चामड्याची मोट, तिची सोंड, जाड नाडा, वर कुरकुरणारं चाक आणि बैल ज्यावरून ओढत जात ती उतरती धाव. विहीर जितकी खोल तितकी धाव लांब ठेवावी लागे आणि तितकी बैलांची दमछाकही वाढे. दिवसभरात किती पाणी उपसायचं, हे बैलांच्या दमावर ठरे.

डिझेल इंजिन, मग विजेची मोटार, मग बोअर आला आणि ही मर्यादा संपली.

1972च्या दुष्काळाने सरकारला पाण्याकडे पाहायला लावलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच वर्षी उभी राहिली. रोजगार हमी योजनेच्या कामांवर पाझर तलाव झाले, नालाबांध घातले गेले. त्या योजनेला कायद्याचं बळ 26 जानेवारी 1979 पासून मिळालं. हजारो हातांनी केलेली ही कामं मोलाची होती. पण सगळा भर पाणी मुरवण्यावर होता. मुरलेलं पाणी कोण किती उपसतो, हे कुणी विचारत नव्हतं. 1882च्या सुखाधिकार कायद्यापासून रुळलेली समजूत सरळ होती: जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं.

जमिनीखालचा काळा पाषाण मात्र सातबारा ओळखत नाही. या खडकात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. एकच भेग दोन-तीन शेतांखालून जाते. म्हणूनच एकाने खोल बोअर घेतला की शेजाऱ्याची विहीर आटते. भांडण बांधावर होतं. कारण खाली खडकात असतं.

कायद्याने यात हात घातला तो 1993 मध्ये, तोही पिण्याच्या पाण्यापुरता. सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला बंदी आली. मोठा बदल 2009च्या भूजल अधिनियमाने आणला. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध, विहिरींची नोंदणी, पाणलोट समित्या आणि उपलब्ध पाण्यानुसार पीक आराखडा, एवढं सगळं त्यात आहे. तो अमलात आला 1 जून 2014 रोजी. मधल्या पाच वर्षांत बोअरच्या गाड्या थांबल्या नव्हत्या.

हिवरे बाजार या गावाने मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले आणि पुढे गावाने शेतीसाठी बोअर न घेण्याचं ठरवलं, ऊस आणि केळीला नकार दिला. पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बी ठरू लागली. हा नियम टिकला, कारण तो मोडणाऱ्याला शेजाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं.

याच्या उलटा अनुभव मराठवाड्याने घेतला आहे. जालन्याच्या कडवंचीत 1996 ते 2002 या काळात पाणलोटाचं उत्तम काम झालं, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्या यशानंतर राज्यभर शेततळ्यांची लाट आली. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजनाही निघाली. पण अभ्यासक ईश्वर काळे यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की प्लास्टिक अंथरलेली अनेक तळी पावसाने भरत नाहीत. विहिरी-बोअरचं पाणी उपसून ती भरली जातात. सामाईक पाणी असं एकाच्या कुंपणात जातं आणि उन्हात वाफ होऊन उडतं. पाणी साठवण्यासाठी अनुदान आणि उपशाकडे डोळेझाक, असं धोरण घातकच.

कन्नड तालुक्यात आता आल्याचं पीक महत्त्वाचं आहे. इथे हिवरे बाजारचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तिथला ताळेबंद पावसाळा संपल्यावर मांडला जातो, तर आल्याचं बेणं मे-जूनच्या सुमारास जमिनीत जातं, विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हा. म्हणजे पिशोरसारख्या गावाला ऑक्टोबरातच रब्बीबरोबर पुढच्या मेचं पाणीही बाजूला काढावं लागेल आणि आल्याखाली किती एकर जाणार, हे बेणं विकत घेण्याआधीच ग्रामसभेत बोलावं लागेल. पीक आराखड्याची तरतूद कायद्यात आहेच.