अचलपूर परिसरातील कर्मविचार : ताम्रपटापासून ग्रामगीतेपर्यंत

माणसाच्या हातून जे घडते त्याचे फळ त्याला भोगावे लागते, हा कर्मसिद्धांत भारतातील बहुतेक धर्मपंथांनी मानला. फळ कोण देते, कधी देते, ते टाळता येते का, या प्रश्नांवर मात्र त्यांचे एकमत झाले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या नद्यांजवळ वसलेल्या अचलपूरच्या टापूत या सिद्धांताची सुमारे दीड हजार वर्षांची परंपरा सापडते. राजाचे दानपत्र, जैन तीर्थ, महानुभाव पंथाचे आद्य स्थान आणि विसाव्या शतकातील लोकसंतांचे कार्य, असे तिचे टप्पे आहेत. या टापूत कर्माचा विचार ग्रंथांतील वादापुरता राहिला नाही. प्रत्येक काळात तो जेवणाखाणाच्या, देण्याघेण्याच्या आणि शेजाऱ्यांशी वागण्याच्या नियमांत उतरला. या नियमांचा परीघ पुढे एका माणसापासून सबंध गावापर्यंत वाढत गेला.

चम्मकचा ताम्रपट

या परंपरेचा सर्वांत जुना लेखी पुरावा अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात, आपल्या राज्यकाळाच्या १८ व्या वर्षी, भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव १,००० ब्राह्मणांना दान दिले. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. भूमिदान करणारा ६० हजार वर्षे स्वर्गात राहतो आणि दिलेली जमीन हिरावणारा तितकाच काळ नरकात जातो, अशा अर्थाचे वचन या लेखात आहे. जुन्या दानपत्रांत ते नेहमीच आढळते.

या ताम्रपटाचे वेगळेपण त्यातील अटींत आहे. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी आणि व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, या अटी पाळल्या तरच चंद्रसूर्य असेपर्यंत दान टिकेल, असे त्यात बजावले आहे. कोणी असे वागल्यास, किंवा असे वागणाऱ्याला नुसती संमती दिली तरी, राजाने जमीन काढून घेणे ही चोरी ठरणार नाही, असेही पुढे म्हटले आहे. पुण्याचे फळ देणाऱ्याला मिळते, पण दानाचा उपभोग घेणाऱ्याचा हक्क त्याच्या रोजच्या वागण्यावर अवलंबून राहतो, हा विचार येथे राजाज्ञेच्या भाषेत आला. दुष्कृत्याला दिलेली संमतीही दोषात मोजली गेली.

मुक्तागिरी आणि जैन आचार

कृतीबरोबर संमतीचाही हिशेब ठेवण्याची ही दृष्टी जैन धर्मात अधिक काटेकोर झाली. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला अनुमोदन दिलेले, अशी तिन्ही कर्मे जैन शास्त्रात सारखीच बंधनकारक मानली जातात. जैन मतानुसार कर्म हे जिवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य आहे आणि ज्ञानावरणीय, मोहनीय, आयुष्य, अंतराय इत्यादी त्याचे आठ प्रकार आहेत. फळ देणारा वेगळा ईश्वर या विचारात नाही. नवे कर्म आत येऊ न देणे म्हणजे संवर आणि साठलेले झडून जाणे म्हणजे निर्जरा. ही दोन्ही कामे जिवाला स्वतःच करावी लागतात.

अचलपूर हे दहाव्या शतकात जैन विद्येचे नांदते केंद्र होते. चितोडहून येथे आलेल्या हरिषेण या कवीने विक्रम संवत् १०४४ मध्ये, म्हणजे इ.स. ९८७-८८ च्या सुमारास, ‘धम्मपरिक्खा’ हा अपभ्रंश भाषेतील ग्रंथ येथेच रचला. एक मित्र दुसऱ्याला कथांच्या आधारे धर्म पारखायला शिकवतो, असे त्याचे कथानक आहे. ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी ती तपासावी आणि पटलेला धर्म व्रतांच्या रूपाने अंगीकारावा, ही या ग्रंथाची दिशा आहे.

अचलपूरच्या ईशान्येला, आज मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत, मुक्तागिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. धबधब्याच्या आसपास डोंगरकड्यावर येथे ५२ मंदिरे आहेत. ‘निर्वाणकांड’ या प्राकृत रचनेत अचलपूरचे नाव घेऊन या शिखराचा उल्लेख मेंढगिरी असा केला आहे आणि साडेतीन कोटी मुनी येथून मुक्त झाल्याचे सांगितले आहे. कड्यावरून एक मेंढा ध्यानस्थ मुनीजवळ कोसळला, मुनींनी मरणाच्या क्षणी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो देवयोनीत गेला, अशी क्षेत्राची आख्यायिका आहे. शेवटच्या क्षणीही जिवाची दिशा बदलू शकते आणि हा मार्ग जनावरालाही खुला आहे, असा श्रद्धाळूंनी तिचा अर्थ घेतला.

गृहस्थ जैनांच्या घरांत हा सिद्धांत साध्या नियमांनी टिकला. पाणी गाळून पिणे, सूर्यास्तापूर्वी जेवणे, अष्टमी-चतुर्दशीला उपवास, दिवसभरातील चुकांची आठवण करून प्रतिक्रमण, आणि अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य व परिग्रहाची मर्यादा ही पाच अणुव्रते हे त्यांतील मुख्य. वऱ्हाडात कारंजा हे भट्टारकपीठांचे गाव या आचाराचे मोठे आधारस्थान राहिले.

रिद्धपूर आणि महानुभाव पंथ

तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे कर्मविचाराला मराठी वाणी मिळाली. तेथे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, राहत होते. रामटेकच्या यात्रेला निघालेले, महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी वाटेत रिद्धपूरला थांबले आणि त्यांना गोविंदप्रभूंकडून ज्ञानशक्ती मिळाली, असे पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर सातपुड्यातील सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी दीर्घकाळ एकांतवास केला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेला, चक्रधरांच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ मराठीतील आद्य गद्यग्रंथांत गणला जातो. अचलपूरचे नाव महानुभाव वाङ्मयात अळजपूर असे येते.

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि स्वतंत्र मानले आहेत. देवतांची उपासना केली तर फळ मिळते, परंतु ते संपणारे असते. पुण्य सरले की जीव पुन्हा कर्मभूमीवर येतो. कर्माच्या या फेऱ्यातून सोडवण्याचे सामर्थ्य केवळ परमेश्वराचे. म्हणून नवससायास आणि फळाच्या आशेने केलेली पूजा यांना या पंथात स्थान उरले नाही. त्यांची जागा स्मरणाने आणि आचरणाने घेतली.

केशोबासांनी संकलित केलेल्या चक्रधरांच्या सूत्रपाठात आचाराला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. संन्यास घेतलेल्या भिक्षुकाने अटन करावे, एकांतात स्मरण करावे, भिक्षा मागून जेवावे, एका जागी आसक्ती ठेवू नये आणि कोणत्याही जिवाला दुखवू नये, असा हा आचार आहे. संसारात राहणाऱ्या अनुयायाला वासनिक म्हणतात. त्याच्यासाठी मद्यमांसाचा त्याग, नित्य स्मरण आणि भिक्षुकांची सेवा हे नियम ठरले. पंथातील माणसे आजही एकमेकांना ‘दंडवत प्रणाम’ म्हणून अभिवादन करतात.

जन्माने मिळालेली जात हे पूर्वकर्माचे फळ आहे आणि ती निमूटपणे भोगावी, हा समज त्या काळी रूढ होता. गोविंदप्रभू अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या घरी जात, त्यांच्यात मिसळत. चक्रधरांनी स्त्रियांनाही शिष्य केले आणि रजस्वलेचा विटाळ मानला नाही. मोक्षाचा अधिकार जन्मावर अवलंबून नाही, हे या आचरणातून सर्वांपुढे आले. चक्रधरांच्या शिष्यांपैकी महदाइसेने धवळे, म्हणजे विवाहगीते, रचले ते रिद्धपुरातच, गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने.

सल्तनतीपासून इंग्रजी अमलापर्यंत

१४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही स्थापन झाली आणि अचलपूर तिच्या सत्तेचे मुख्य स्थान झाले. १५७४ च्या सुमारास ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. या शतकांत सुफी दर्गेही टापूच्या धर्मजीवनाचा भाग बनले. अचलपूरचा रहमानशाह दुल्हा यांचा दर्गा हिंदू-मुसलमान दोघांचेही श्रद्धास्थान आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. कापसाचा व्यापार वाढला, तसे सावकारी कर्जही वाढले. नापिकी, कर्ज, जमीन जाणे आणि व्यसन यांचा अर्थ लावताना खेड्यांत ‘प्रारब्ध’ आणि ‘नशीब’ हे शब्द वापरले जात. कर्मसिद्धांताचा उपयोग दुःख निमूट सोसण्यासाठी होऊ लागला. याच काळात त्याला नवी दिशा देणारी माणसे या भागात जन्मली.

चांदूरबाजारजवळील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) नऊ महिन्यांचे असताना अंध झाले. इतरांकडून वाचून घेऊन त्यांनी वेदान्त, भक्तिशास्त्र आणि पाश्चात्त्य विचार आत्मसात केला आणि शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यांच्या मधुराद्वैतात ज्ञान आणि भक्ती यांचा मेळ घातलेला आहे. अंधत्व हे पापाचे फळ मानून अशा माणसाला दूर ठेवणाऱ्या समाजात प्रज्ञाचक्षू म्हणून त्यांचा गौरव झाला.

गाडगेबाबा, तपोवन आणि तुकडोजी महाराज

शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी, म्हणजे गाडगेबाबांनी, दारूने झालेला वडिलांचा अंत आणि सावकारीने मामाच्या घराची केलेली दैना पाहिली होती. मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रूढ मेजवानी न देता गोड जेवण दिले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. तेथील स्नानाने ऋणातून सुटका होते, अशी श्रद्धा आहे. गाडगेबाबांनी त्याच ठिकाणी यात्रेकरूंसाठी घाट बांधून घेतला आणि हातात खराटा घेऊन परिसर झाडला.

त्यांच्या कीर्तनात प्रश्नोत्तरे असत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, मुलांना शाळेत घाला, जातिभेद पाळू नका, ही त्यांची शिकवण होती. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला काम, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींचे लग्न आणि खचलेल्याला धीर हा त्यांचा दशसूत्री संदेश. पंढरपूर, नाशिक, आळंदी आणि मुंबई येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ त्यांचे निधन झाले.

पूर्वजन्मीचे पाप ही कल्पना कुष्ठरोग्यांना सर्वांत जाचक ठरली होती. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन ही वसाहत स्थापून या रुग्णांना उपचार, निवारा आणि हातांना काम दिले. आजाराचे कारण पापात शोधण्यापेक्षा औषधाने तो हटवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, ही जाणीव या कामातून रुजली.

यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. सकाळचे ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई आणि श्रमदान हा त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा नित्यक्रम झाला. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. आरोग्य, शिक्षण, श्रम, स्त्रियांची उन्नती, सणउत्सव आणि लग्नकार्य हे विषय तिच्यात धर्माचे विषय म्हणून आले आहेत. प्रारब्धवाद आणि प्रयत्न यांचाही तिच्यात विचार आहे. आजचे प्रारब्ध कालच्या कर्मातून घडले असेल तर उद्याचे आजच्या प्रयत्नातून घडवता येईल, हा तिचा सूर आहे. गावाची घाण, गावातील भांडणे आणि गावातील उपाशी माणूस यांची जबाबदारी साऱ्या गावाची मानल्यामुळे कर्माचा कर्ता एकटा माणूस राहिला नाही. महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निधन झाले.

आजचे स्वरूप

या सर्व परंपरा या भागात आजही चालू आहेत. मुक्तागिरीला यात्रेकरू येतात, रिद्धपूरला महानुभावांची स्थाने आहेत आणि मराठी भाषा विद्यापीठासाठी शासनाने याच गावाची निवड केली. मोझरीला प्रार्थना होते. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी गाडगेबाबांच्या प्रेरणेने, टाकून दिलेल्या अनाथ, मतिमंद आणि मूकबधिर मुलांचे घर उभे केले. मुले सज्ञान झाल्यावर त्यांना संस्थेबाहेर काढण्याऐवजी त्यांचे आजन्म पुनर्वसन व्हावे, यासाठी ते झटत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असे मूल कोणत्या कर्माने जन्मले, हा प्रश्न येथे विचारला जात नाही. त्याला वाढवणे हेच भोवतालच्या माणसांचे कर्म मानले जाते.