पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत कशा पोहोचतात?

बोटात काटा घुसला की काही तासांत ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. पुढे कधी पूही होतो. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. पण रक्तातून वेगाने वाहणाऱ्या या पेशी नेमक्या तिथेच कशा थांबतात?

भिंतीला चिकटणे

जंतू शिरले की तिथल्या पेशी रासायनिक इशारे देतात. जवळच्या बारीक शिरांच्या आतल्या अस्तरावर ‘सिलेक्टिन’ नावाची प्रथिने येतात. वाहत आलेली पांढरी पेशी त्यांना अडखळते आणि भिंतीवरून हळूहळू घरंगळू लागते. मग तिच्यावरील ‘इंटिग्रिन’ प्रथिने सक्रिय होऊन अस्तराला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि बहुधा अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर पडते.

रिपोर्टमधला आकडा

निरोगी माणसातही बऱ्याच पांढऱ्या पेशी भिंतीलगत रेंगाळतात. तपासणीत त्या मोजल्या जात नाहीत. स्टेरॉइड घेतल्यास किंवा जोराच्या व्यायामानंतर त्या प्रवाहात येतात आणि जंतुसंसर्ग नसतानाही आकडा ११,००० च्या वर जाऊ शकतो. म्हणून चालू औषधे डॉक्टरांना जरूर सांगा.

पेशी चिकटल्याच नाहीत तर?

‘ल्युकोसाइट ॲडहिजन डेफिशियन्सी’ या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात इंटिग्रिन नीट तयार होत नाही. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेत त्या पोहोचतच नाहीत. अशा बाळांमध्ये ही लक्षणे दिसतात:

• तीन-चार आठवड्यांनंतरही नाळ न पडणे, बेंबीला जंतुसंसर्ग
• त्वचेचे व हिरड्यांचे वारंवार संसर्ग, पण पू नाही
• जखमा लवकर न भरणे

आई-वडील दोघेही वाहक असतील, तरच बाळाला हा आजार होतो. नात्यात लग्न झाले असल्यास ही शक्यता वाढते. यात कोणाचाही दोष नसतो. निदान ‘फ्लो सायटोमेट्री’ या रक्ततपासणीने होते. आजार तीव्र असल्यास बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावे लागते. निदान लवकर झाले तर बाळाला त्याचा फायदा होतो.

नाळ साधारणपणे एक-दोन आठवड्यांत पडते. ती नुसती उशिरा पडली म्हणून घाबरू नका. बहुतेक बाळे निरोगीच असतात. मात्र बेंबीभोवती लाली, ताप किंवा दूध न ओढणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरात पूर्वी एखादे बाळ जंतुसंसर्गाने दगावले असेल, तर तेही सांगा.